पाकिटातला ब्रेड असा कोणी केला?

सायली_ठाणे (धागाकर्ती)

आठवड्याचा किराणा भरताना त्याच टोपलीत ब्रेडचे पाकीट टाकण्याची पद्धत शहरांतून आता इतकी रुळली आहे की ब्रेड हा मुळात त्याच दिवशी भाजून त्याच दिवशी खाण्याचा पदार्थ आहे, याचा बहुतेकांना विसर पडला आहे. त्या ब्रेडला चव नाही, तो तोंडात गोळा होऊन टाळूला चिकटतो, चहात बुडवला तर तुटून तळाशी जातो, अशा तक्रारी सगळेच करतात आणि दोष कंपन्यांना देऊन मोकळे होतात. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. हा ब्रेड आपणच मागून घेतला आहे.

दुकानात ब्रेड निवडणाऱ्या माणसाकडे नीट पाहा. तो पाकीट उचलतो, बाजूने अंगठ्याने दाबतो, पडलेला खळगा लगेच भरून आला की समाधान पावतो, मग तारीख वाचतो आणि पुढची पाकिटे बाजूला सारून अगदी मागचे पाकीट ओढून काढतो. पिशवी बंद असल्यामुळे वास घेता येत नाही आणि चव पाहण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणजे विकले जाण्यासाठी ब्रेडला अंगठा आणि तारीख या दोनच परीक्षा द्याव्या लागतात, आणि उत्पादक त्याच दोन विषयांची तयारी करून घेतो. पाचव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकाच मऊ असणारा ब्रेड ताजा कसा असेल, हा प्रश्न त्या क्षणी कोणालाच पडत नाही.

सभासदांनी आपापले अनुभव लिहावेत. शिवाय एक व्यावहारिक प्रश्न आहे: ज्या घराला रोज बेकरीत जाणे जमणार नाही, त्या घराने बरा ब्रेड खाण्यासाठी नेमके काय करावे?

---

निरंजन_क

अंगठ्याचे निरीक्षण अचूक आहे, परंतु त्यावर उभारलेला निष्कर्ष मला पटत नाही. ब्रेड बिघडला असे म्हणायचे, तर तो आधी चांगला असायला हवा. यंत्रावर तयार होणारा स्लाइस ब्रेड आपल्याकडे सर्वदूर पोचला तो स्वस्त आणि सोयीचा पदार्थ म्हणूनच. केंद्र सरकारने १९६५ साली मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली ती काही खवय्यांची हौस पुरवण्यासाठी नव्हे. ती कंपनी २००० साली हिंदुस्तान लिव्हरकडे गेली, तरीही ब्रेड हे उत्पादन एप्रिल २०१५ पर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या यादीत होते. वस्तू व सेवा कर आला तेव्हाही ब्रेडवर शून्य टक्के कर ठेवला गेला. सरकार, उत्पादक आणि ग्राहक हे तिघेही ब्रेडकडे स्वस्तच असली पाहिजे अशी वस्तू म्हणून पाहत आले आहेत. जिचा भाव दोन रुपयांनी वाढला तरी वर्तमानपत्रात बातमी येते, त्या वस्तूत चांगले पीठ आणि रात्रभराचा वेळ कोण घालील? दोष किमतीच्या अपेक्षेचा आहे, त्यात अंगठ्याला गोवण्याचे कारण नाही.

---

वैशाखवणवा

निरंजनराव, ती किमतीची अपेक्षा तरी कोणाची? त्या अंगठ्याच्या मालकाचीच ना?

---

दादरचे_आजोबा

आमच्या पिढीच्या घरांत पाकीटबंद ब्रेड शिरला, त्याला सोय हे एकच कारण नव्हते. बेकरीचा पाव कित्येक मध्यमवर्गीय घरांत उंबऱ्याच्या आत येत नसे. तो कोण मळतो आणि कशाने मळतो यावर नाना समजुती होत्या, त्यांतली पीठ पायांनी तुडवतात ही सर्वांत लोकप्रिय. आणि पाव खाल्ला की माणूस बाटला, ही कोकणपट्टीतली धास्ती तर पोर्तुगिजांच्या काळापासूनची. मेणकागदात गुंडाळलेला आणि मानवी हाताचा स्पर्श न झालेला म्हणून विकला जाणारा ब्रेड आला आणि त्याने ही अडचण परस्पर सोडवली. आमच्या आईने आजारी माणसाला दुधात भिजवून देण्यासाठी तो घरात येऊ दिला, आणि त्याच काळात कोपऱ्यावरच्या इराण्याचा ब्रून मस्का (कडक सालीचा पाव आणि लोणी) मात्र आम्ही मुलांनी बाहेरच खाऊन यावे, असा तिचा नियम होता.

म्हणून मला असे वाटते की बंद पिशवीवरचा आपला विश्वास चवीच्या विचारातून आलेलाच नाही. सोवळे गेले आणि त्याच्या जागी स्वच्छता हा शब्द आला, एवढाच फरक. ब्रून आणि स्लाइस शेजारी ठेवून कोणता चांगला लागतो, असे आमच्या घरात कोणी कधी विचारले नाही.

---

मुक्ता_पिंपरी

मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो. रोज ताजा पाव आणायचा हे ठीक आहे. पण आणायचा कोणी?

आमच्याकडील बेकरीत संध्याकाळी पाचच्या सुमारास भट्टीतून माल निघतो आणि सातपर्यंत संपतो. त्या वेळी मी कंपनीच्या बसमध्ये असते. सासूबाईंना जिना उतरणे अवघड जाते, मुलगा शिकवणीला असतो, आणि घरातले कर्ते पुरुष आठवण ठेवून बेकरीत जातील या भरवशावर दुसऱ्या दिवशीचा डबा सोडता येत नाही. सकाळी सहाला सँडविच करायचे तर ब्रेड घरात असायला हवा, आणि तो रविवारी आणलेला असला तरी बुधवारी चालायला हवा. 'खरेदीच्या सवयी' असे म्हटले की आम्ही त्या आळसापायी लावून घेतल्या असा सूर निघतो. पूर्वी घरात ताजे येत असे तेव्हाही ते कोणाच्या तरी वेळेच्या जिवावर येत असे. तो वेळ कोणी हिशेबात धरला नव्हता इतकेच.

चवीबद्दल माझे तुमच्याशी भांडण नाही. आमच्याकडचा ब्रेडही बेचवच असतो. परंतु उपाय सुचवताना तो राबवण्याचे काम कोणाच्या अंगावर पडणार आहे, हेही त्यासोबत लिहावे.

---

सायली_ठाणे

मुक्ताताई, धाग्यातला शेवटचा प्रश्न त्यासाठीच विचारला आहे. मीही नोकरी करते आणि माझ्याही फ्रिजमध्ये या क्षणी एक पाकीट आहे.

---

भट्टीकर

नाशिक जिल्ह्यात आमची बेकरी आहे आणि ती वडिलांच्या काळापासून चालू आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूचे थोडे लिहितो.

वडील रात्री मैदा मळत, यीस्ट अगदी बेताचे घालत आणि तो गोळा चार-पाच तास मुरवून मध्यरात्रीनंतर पाव वळायला घेत. चव तयार होते ती या मुरण्यात. आज सर्रास चालते ती पद्धत अशी की यीस्ट वाढवायचे, पीठ झटपट तयार करणाऱ्या इम्प्रूव्हरची पूड टाकायची, वेगवान मिक्सरवर मैदा मळायचा आणि तास-दोन तासांत माल भट्टीत घालायचा. यात जागा वाचते, रात्रपाळीचा माणूस वाचतो, आणि पाव उलट जास्तच फुगतो. गिऱ्हाइकाला पाहताना दोन्हींत फरक कळत नाही, खाताना कळतो. पण खाईपर्यंत पैसे गल्ल्यात जमा झालेले असतात.

सायलीताईंचा अंगठा फक्त पाकिटावर चालतो असे समजू नका. आमच्या फळीवर लादी ठेवली की गिऱ्हाईक मधला पाव दाबून पाहतो. वरची साल चांगली तांबूस झाली असेल तर ‘ही करपलीय, दुसरी द्या’ म्हणतो. भाजल्याचा सगळा स्वाद त्या तांबूस सालीतच असतो, पण हे त्याला सांगत बसायला गर्दीच्या वेळी फुरसत कोणाला? मग लादी भट्टीतून दोन-तीन मिनिटे आधी काढायची, वरून तेलाचा हात फिरवून चकाकी आणायची, की फिकट आणि मऊ पाव विनातक्रार खपतो. वडापाववाल्याची मागणी आणखी निराळी असते. चिरताना पाव दोन तुकडे होऊ नये आणि वडा दाबला तरी पाठ फाटू नये, एवढे त्याला हवे असते. तो रोज शेकड्यांनी माल उचलतो, म्हणून त्याचे म्हणणे आधी ऐकले जाते.

स्लाइसचा स्वतःचा एक त्रास आहे. गरम ब्रेड कापला तर पात्याला चिकटून त्याचा लगदा होतो, म्हणून तो आधी काही तास थंड करावा लागतो. खूप कडक सालीचा ब्रेड कापताना भुगा पडतो, म्हणून साल पातळच ठेवावी लागते. पुढे प्लास्टिकच्या पिशवीत आतली वाफ सालीत शिरते आणि जो काही खुसखुशीतपणा उरला असेल तोही जातो. म्हणजे घरी सुरी न उचलण्याची सोय हवी असेल, तर साल सोडून द्यायची, असा हा सौदा आहे.

एका साखळी दुकानाने आमचा ब्रेड ठेवण्याची तयारी दाखवली होती. माल त्यांच्या गोदामात पोचेल तेव्हा तारखेला पाच दिवस शिल्लक असले पाहिजेत आणि न खपलेली पाकिटे आम्हीच परत न्यायची, अशी अट होती. पावसाळ्यात आमच्या ब्रेडला तिसऱ्या दिवशी बुरशी येते. ती अट पाळायची तर प्रिझर्व्हेटिव्ह घालणे आले, आणि परतीच्या मालाचा खर्च भरून काढायचा तर मैदा हलका घेणे आले. आम्ही नकार दिला. ज्याने होकार दिला त्याचा ब्रेड आज त्या फळीवर आहे.

---

वैशाखवणवा

भट्टीकरांचा प्रतिसाद वाचून आमच्या बेकरीवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. ‘करपलीय’ म्हणणाऱ्यांत आमच्या घरची माणसे आघाडीवर आहेत.

---

चष्मिष्ट

मुलाच्या डब्यासाठी आणलेले ‘ब्राउन ब्रेड’चे एक पाकीट समोर ठेवून हे लिहीत आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हे लक्षात ठेवून वाचा. पहिला घटक मैदा, दुसरा गव्हाचे पीठ, मग साखर, यीस्ट, खाद्यतेल, वेगळे घातलेले ग्लूटेन (गव्हातले चिवट प्रथिन), मीठ. त्यानंतर २८२, ४७१, ४८१, ५१०, ३०० असे आकडे, आणि सर्वांत शेवटी रंग १५०अ. हा १५०अ म्हणजे साखर जाळून केलेला कॅरॅमल रंग. ज्या तपकिरी रंगासाठी आम्ही साध्या ब्रेडपेक्षा जास्त पैसे मोजतो, त्याचा उगम यादीच्या या टोकाला आहे.

यावरून अंगठा आणि तारीख यांच्या जोडीला रंग ही तिसरी परीक्षा धरावी, अशी सूचना करतो. तपकिरी म्हणजे पौष्टिक, एवढ्यावर आपले वाचन संपते.

---

अन्नरसायन

मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो. चष्मिष्ट यांनी दिलेले आकडे पाहून कोणी घाबरू नये, म्हणून प्रत्येकाचे काम सांगतो. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट. ते बुरशी रोखते. ४७१ आणि ४८१ ही पायसकारके (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ) असून ती ब्रेड मऊ ठेवतात. ५१० हे अमोनियम क्लोराइड, म्हणजे यीस्टचे खाद्य, आणि ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ते मळलेल्या पिठाला बळकटी देते. हे सर्व ठरलेल्या मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे. मुंबईच्या जुलैतील दमट हवेत २८२ नसलेला ब्रेड काही दिवसांत हिरवा पडेल, आणि बुरशी लागलेला ब्रेड वरची कड काढून खाण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त घातक आहे.

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. बुरशी लागणे आणि शिळे होणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. ब्रेड शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे नव्हे. बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ सालीच दाखवून दिले होते की ब्रेडमधील ओलावा बाहेर जाऊ दिला नाही तरीही तो शिळा होतो. भाजताना पाणी पिऊन सैल झालेले पिष्टमय पदार्थाचे कण थंड झाल्यावर पुन्हा घट्ट रचना धरू लागतात, आणि म्हणून आतला भाग टणक आणि भुसभुशीत होतो. ही क्रिया सर्वांत वेगाने होते ती गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकी आपल्या फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये ठेवल्याने बुरशी लांबते, पण ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो.

कारखान्यात यावर उपाय म्हणून एक विशिष्ट अमायलेज घालतात. हे विकर (एन्झाइम) पिष्टाच्या साखळ्या अशा तोडते की त्यांना पुन्हा घट्ट रचना धरता येत नाही. परिणामी ब्रेड वयाने शिळा असूनही अंगठ्याला ताजा भासतो. सायलीताईंच्या निरीक्षणामागचे शास्त्र ते हेच.

---

केतन७

आणि ब्रोमेटचे, म्हणजे पिठात घालत त्या रसायनाचे, काय? काही वर्षांपूर्वी त्यावरून मोठे वादळ उठले होते.

---

अन्नरसायन

मे २०१६ मध्ये दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने ब्रेड, पाव, बन, पिझ्झा ब्रेड अशा ३८ नमुन्यांची तपासणी करून त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर जून २०१६ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ब्रोमेटला बंदी घातली. ब्रिटनमध्ये ती १९९० सालीच घातली गेली होती. ब्रोमेट कशासाठी वापरत, हे या धाग्याच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे: पीठ न मुरवता ब्रेड जास्त फुगावा आणि जास्त पांढरा दिसावा यासाठी. म्हणजे तेही दिसण्यासाठीच होते.

---

लेस्टरवासी

हा प्रकार ज्या देशात पद्धतशीरपणे घडवला गेला त्या देशात मी राहतो. १९६१ साली हर्टफर्डशरमधील चोर्लीवुड येथील बेकरी-संशोधन संस्थेने एक पद्धत शोधली. पीठ तासन्‌तास मुरवण्याऐवजी ते अतिशय जोरकस यंत्रात काही मिनिटे घुसळायचे, त्यात क जीवनसत्त्व, घट्ट चरबी आणि भरपूर यीस्ट घालायचे. मग पिठापासून कापून गुंडाळलेल्या ब्रेडपर्यंतचा सारा प्रवास साडेतीन तासांच्या आसपास उरकतो. कॅनडाहून आणाव्या लागणाऱ्या कसदार गव्हाची गरज त्यामुळे कमी झाली आणि स्थानिक, कमी प्रथिनांचा गहूही चालू लागला. आजही येथील सुमारे ८० टक्के ब्रेड याच मार्गाने तयार होतो, असे सांगितले जाते.

येथील सुपरमार्केटांनी एक आणखी हुशारी केली आहे. दुकानात शिरताच भाजल्याचा दरवळ येतो आणि काचेमागे टोपी घातलेला माणूस ट्रे सरकवताना दिसतो. पुष्कळ ठिकाणी तो ब्रेड दुसरीकडे अर्धवट भाजून, गोठवून आणलेला असतो आणि येथे फक्त शेवटचा रंग चढवला जातो. म्हणजे नाकाची परीक्षा परत आली खरी, पण तीही फोडलेल्या प्रश्नपत्रिकेची. आमची आई येथे आली होती तेव्हा तिने तो ब्रेड हातात घेऊन एवढेच विचारले, ‘याला वजन का नाही?’

---

निरंजन_क

लेस्टरवासी यांनी माझाच मुद्दा पुढे नेला आहे. चोर्लीवुडची पद्धत कोण्या गृहिणीने मागितली नव्हती. ती गव्हाच्या आयातीच्या आणि मजुरीच्या हिशेबातून आली. ग्राहकापुढे ती तयार होऊन आली आणि त्याने ती स्वीकारली. पर्याय फळीवरून उठवून झाल्यावर त्याला ‘निवड’ म्हणणे मला जड जाते.

---

म्हापसेकर

आमच्या गोव्यात पर्याय अजून दाराशी येतो. सकाळी आणि संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर टोपली लादून, भोंगा वाजवत गल्लीत शिरतो. टोपलीत साधा पाव, कडक उंडो, बांगडीच्या आकाराचे कांकण आणि कोंडा लावलेली पोळी असते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की ही पोळी म्हणजे तुमची पुरणाची नव्हे. ती आतून पोकळ, बाहेरून खरखरीत आणि सकाळी इतकी सुरेख लागते की सोबत काही नसले तरी चालते. दुपारनंतर तीच चामट होते. यात कोणी दोष मानत नाही, कारण संध्याकाळी पोदेर पुन्हा येणार असतो. मुक्ताताईंच्या ‘आणायचा कोणी’ या प्रश्नाला आमच्या पूर्वजांनी दिलेले उत्तर हेच की घरातल्या कोणी आणायचाच नाही.

मात्र चित्र रंगवताना हात आखडता घेतो. एके काळी पीठ माडाच्या सुरेने फुगवत. आता जवळजवळ सर्वत्र यीस्ट वापरले जाते आणि जुन्या माणसांना ती चव आता सापडत नाही. पोदेरांच्या कित्येक घरांतली मुले या धंद्यात उतरत नाहीत आणि भट्ट्या भाड्याने दिल्या जातात. पहाटे दोनला उठून चार-पाच रुपयांचा नग विकायचा, हे कोणाला परवडणार? आमच्याही इमारतीत आता काही बिऱ्हाडे अशी आहेत की पोदेराचा भोंगा ऐकून दार उघडत नाहीत आणि सुपरमार्केटातले पाकीट आणतात.

---

रंकाळा

स्लाइस ब्रेडची एवढी बदनामी कोल्हापूरकर ऐकून घेणार नाही. आमच्याकडे मिसळ पावाबरोबर खात नाहीत, स्लाइसबरोबरच खातात. पण तो स्लाइस तुमच्या पाकिटातला नव्हे. तो स्थानिक बेकरीचा, जाड कापलेला आणि अंगाने घट्ट असतो. तो कटात बुडवून उचलला की रस्सा पिऊनसुद्धा अखंड तोंडापर्यंत आला पाहिजे. वाटीत विरघळणारा स्लाइस दिला तर गिऱ्हाईक मालकाला ऐकवतो आणि मालक बेकरीला.

म्हणून मला सायलीताईंचे म्हणणे पटते, फक्त थोडे पुढे नेऊन. ब्रेडची जशी परीक्षा घ्याल तसा तो होतो. आमची परीक्षा कटाची आहे, म्हणून आमचा स्लाइस टणक राहिला. मुंबईच्या सँडविचवाल्याला मोठा, चौकोनी आणि चटणीचे पाणी न झिरपणारा स्लाइस लागतो, तर त्यालाही तसा मिळतो. घरगुती ग्राहकच असा आहे की तो पाकिटाला अंगठा लावून निघून जातो आणि बेचव निघाला तरी परत येऊन कोणाला काही सांगत नाही.

---

मुक्ता_पिंपरी

रंकाळा, तुमचा शेवटचा मुद्दा मोलाचा आहे. सांगायचे तरी कोणाला? बेकरीवाला समोर असतो. पाकिटावर ग्राहक सेवेचा क्रमांक असतो, आणि ‘तुमचा ब्रेड टाळूला चिकटतो’ अशी तक्रार तिथे कोणत्या खान्यात नोंदवतील, ते मला माहीत नाही.

---

केतन७

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. आमच्या वयाची मंडळी आता दुकानातही जात नाहीत. दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या अॅपवरून ब्रेड येतो. तेथे अंगठ्याने दाबायची सोय नाही आणि मागचे पाकीट ओढायचीही नाही. गोदामातला मुलगा हाताला येईल ते पिशवीत टाकतो. मग अंगठ्याच्या तावडीतून ब्रेड सुटला, असे म्हणायचे का? माझ्या पाहण्यात तरी त्याचा एक फायदा झाला आहे. सावरडोसारखा जड, कडक सालीचा ब्रेड वाण्याच्या फळीवर कोणी उचलला नसता, तो छायाचित्र आणि वर्णन वाचून लोक मागवतात. त्याचा भाव साध्या पाकिटाच्या कितीतरी पट असतो, हे मान्य.

---

भट्टीकर

केतन, सावरडोच्या नावाखाली जे विकले जाते त्यातही यादी वाचत जा. पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण एवढ्यावर तो व्हायला हवा. यीस्ट आणि व्हिनेगर घालून आंबट केलेलाही मी पाहिला आहे. अॅपवाल्या गोदामांचे म्हणाल तर तेथेही तारीख हाच प्रश्न असतो. माल पडून राहील म्हणून जास्त दिवसांचा हवा, ही अट दुकानाची असो की गोदामाची, आमच्यापर्यंत एकाच रूपात येते.

---

दादरचे_आजोबा

या विषयात मुंबईतील लाकडाच्या भट्ट्यांचा उल्लेख व्हायला हवा. हवेच्या प्रदूषणावरील प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले आणि महापालिकेने बेकऱ्यांना नोटिसा दिल्या. पुष्कळ ठिकाणी जुन्या फर्निचरचे रंग-पॉलिश लावलेले लाकूड जाळत, तेव्हा धुराबद्दल तक्रार करणारे चुकत होते असे मी म्हणणार नाही. परंतु गॅसची किंवा विजेची भट्टी बसवायची तर भांडवल लागते, आणि छोट्या जागेतल्या बेकरीला ते उभे करता आले नाही तर तिचे गिऱ्हाईक आपोआप पाकिटाकडे जाणार, हेही उघड आहे.

---

भट्टीकर

आजोबा, आम्ही डिझेलच्या फिरत्या भट्टीवर गेलो त्याला बरीच वर्षे झाली. लाकडाच्या भट्टीची जाड विटांची तळी उष्णता धरून ठेवते आणि पावाला खालून जो चटका बसतो तो वेगळाच. तरीही खरे सांगायचे तर पावाच्या चवीत इंधनापेक्षा पीठ किती वेळ मुरले याचा वाटा मोठा आहे. इंधन बदलले म्हणून पाव बिघडला, असे सांगणारा बेकरीवाला तुम्हाला भेटला तर तो पीठ किती तास ठेवतो ते विचारा.

---

सायली_ठाणे

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली आहे. निरंजनराव, पर्यायच उरला नाही हे तुमचे म्हणणे मोठ्या शहरांतील नव्या वसाहतींना लागू पडते; तेथे बेकरीसाठी गाळाच ठेवलेला नसतो. परंतु जेथे बेकरी आहे आणि तिच्यासमोरून जाऊन आपण पाकीट आणतो, तेथे काय म्हणाल? भट्टीकरांचा तांबूस पाव परत करणारा माणूस पर्याय समोर असताना फिकट पाव निवडत होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुक्ताताईंची अट मान्य करून, म्हणजे घरातील कोणाच्याही अंगावर रोजचे काम न टाकता, काय करता येईल?

---

अन्नरसायन

सांगण्यासारखे आहे. आठवड्यातून एकदाच बेकरीचा चांगला ब्रेड किंवा पाव आणा आणि थंड झाल्यावर, त्याच दिवशी, हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. खालच्या कप्प्यात ठेवू नका. उणे १८ अंशांना शिळे होण्याची क्रिया जवळजवळ थांबते. ब्रेड अख्खा ठेवू नये, स्लाइस करून ठेवावा, म्हणजे लागतील तेवढेच काढता येतात. काढलेला स्लाइस सरळ तापलेल्या तव्यावर टाकावा. ६० अंशांच्या वर गेले की घट्ट झालेले पिष्ट पुन्हा सैल होते आणि ब्रेड बऱ्याच अंशी पूर्ववत होतो. मात्र ही किमया फार वेळ टिकत नाही, म्हणून गरम केल्यावर लगेच खावे.

---

मुक्ता_पिंपरी

हे जमण्यासारखे आहे. डब्यातले सँडविच चार तासांनी खाल्ले जाते, त्याचे काय?

---

अन्नरसायन

डब्यासाठी स्लाइस गरम न करता गोठलेलाच लोणी-चटणी लावून भरावा. मधल्या सुटीपर्यंत तो आपोआप सुटतो. काकडी-टोमॅटो आदल्या रात्री लावू नयेत.

---

भट्टीकर

माझ्याकडून एक भर. तुमच्या बेकरीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा की माझी लादी चांगली तांबूस भाजून बाजूला ठेवा. पहिल्यांदा तो दोनदा विचारील, नंतर विचारणार नाही. आमच्याकडे अशी काही घरे आहेत. त्यांची लादी भट्टीच्या आतल्या कोपऱ्यात, सर्वांत शेवटी निघते. इमारतीतल्या चार-सहा घरांनी मिळून मागणी दिली तर पोऱ्या गेटवर आणून देतो. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही, कारण ठरलेला खप असला की उरलेल्या मालाचे टोस्ट करत बसावे लागत नाही.

---

निरंजन_क

ठरलेला खप म्हणजे परतीचा माल नाही, आणि परतीचा माल नाही म्हणजे भट्टीकरांना हलका मैदा घ्यावा लागणार नाही. हा हिशेब मला अंगठ्यापेक्षा जास्त पटतो. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आजच टाकतो.

---

वैशाखवणवा

आणि त्या ग्रुपवर पहिला प्रश्न येईल, ‘लादी करपलेली तर नसेल ना?’

---

रंकाळा

अन्नरसायन, फ्रीजरमधून काढलेला स्लाइस कटात चालेल का? घरात या प्रश्नावरून दोन तट पडले आहेत.

---

अन्नरसायन

चालेल, पण आधी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून. गोठलेला तसाच बुडवला तर बाहेरून लगदा आणि आतून बर्फ, असा मिळेल.